नऊ इंची नकाशा

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की चिपळुणात पहिला प्रश्न चादरींचा येतो. किती आणल्या, रंग जातो का. आम्ही एकही चादर आणली नाही. आम्ही आणला तो मोटारीच्या पुढच्या फळीत बसवलेला एक रंगीत पडदा, ज्यावर रस्त्यांचा नकाशा दिसतो. एवढ्यासाठी तीनशे किलोमीटर गेलात का, असं शेजारच्या बाईंनी विचारलं. तसं नाही. गेलो होतो नणंदेला भेटायला. पडद्याचं वाटेत ठरलं. येऊन पंधरा दिवस झाले तरी माझे खांदे दुखायचे थांबलेले नाहीत, तेव्हा काय झालं ते एकदा लिहूनच काढते.

आधी आमच्याबद्दल सांगायला हवं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझे यजमान शिवानंद मोजणी खात्यात होते. मूळचे सोलापूरजवळच्या कुंभारीचे, घरात कानडी आणि दारात मराठी बोलत वाढलेले. नोकरीमुळे कोकणात आले आणि राहिले. सगळं आयुष्य जमिनी मोजण्यात गेल्यामुळे रस्ते त्यांना तोंडपाठ असतात. गाडीही तेच चालवायचे.

गेल्या श्रावणात त्यांना झटका आला. हातापायांना हळूहळू बळ आलं, बोलणंही परत आलं. पण एक गोष्ट राहून गेली. डावं आणि उजवं हे दोन शब्द त्यांच्या तोंडात एकमेकांच्या जागी जाऊन बसले. मनात डावीकडे असतं, हात डावीकडेच जातो, आणि तोंडातून "उजवीकडे" येतं. दर वेळी तसंच आलं असतं तर मी उलटं धरून चालले असते. पण कधी बरोबर येतं, कधी चूक, आणि कोणतं कधी ते त्यांनाही कळत नाही.

डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली, म्हणून साठीत मी शिकले. मी चालवते, ते शेजारी बसून रस्ता सांगतात; समोरची नजर काढून त्यांच्या हाताकडे बघायचं मला जमत नाही. फोनवरचा नकाशा का नाही, असं लोक विचारतात. माझ्या दुहेरी चष्म्यातून फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, मधेच कुणाचा तरी फोन येतो, आणि मुख्य म्हणजे शिवानंद तो काढून हातात घेतात, त्याचा आवाज बंद करतात आणि स्वतः वाचून सांगतात. म्हणजे पुन्हा तेच दोन शब्द.

घाटावर

घाट चढून वर आलं की आमच्या बाजूचा हिरवा रंग संपतो. कराडला ऊस आहे, विट्यापर्यंत तोही विरळ होतो. सांगोल्याच्या आसपास डाळिंबाच्या बागा आणि मधे नुसती उघडी जमीन. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता, तरी सकाळी अकरालाच काच तापली होती. आमच्याकडे रस्त्याला वळणं इतकी असतात की पुढचं कधी दिसतच नाही. इथे पुढचं अर्धा तास आधी दिसतं आणि तरी येत नाही. मला त्या सरळ रस्त्याने जास्त दमवलं.

मंगळवेढ्याच्या पुढे ज्वारी लागली. काळ्या जमिनीत उभी, वाळत आलेली, कणसं भरलेली. शिवानंदांनी काच खाली केली आणि वास घेतला. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा ते मोकळे दिसले.

"चहा घेऊ या की," ते म्हणाले.

डाव्या हाताला एक धाबा होता. चहा झाला, मी गाडी काढली. समोर महामार्ग, मधे दुभाजक. इथून डावीकडेच जायचं असतं, हे आता घरी बसून लिहिताना मला स्पष्ट दिसतंय. पण सहा तास गाडी चालवून डोकं बधिर झालं होतं, धाब्यापुढे दोन ट्रॉल्या आडव्या उभ्या होत्या, आणि शेजारून आवाज आला, "उजवीकडं घे. उजवीकडं, रिकामा हाय रस्ता."

मी उजवीकडे घेतलं.

पन्नासेक पावलं गेले असेन. समोरून ट्रक आला, दिवे उघडमीट करत. मी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. ट्रक पुष्कळ अलीकडे थांबला, कारण तो ट्रकवाला आमच्यापेक्षा शहाणा होता. खाली उतरून तो खिडकीशी आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"ताई, सोलापूर तिकडं हाय," तो शांतपणे म्हणाला. "उतरा तुमी. मी फिरवून देतो."

त्याने गाडी मागे घेतली, धाब्याच्या आवारात वळवली आणि तोंड सोलापूरकडे करून दिली. आपल्या ट्रकमधला पाना आणायला जावं इतक्या सहज. जाताना शिवानंदांना म्हणाला, "काका, बाईमाणसाला घाई करू नका." शिवानंद मान खाली घालून बसले होते. त्यांच्या मांडीवर डावा हात होता आणि तो अजून डावीकडे बोट दाखवत होता.

तिथून कुंभारीपर्यंत मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत गाडी नेली. मी मनात ठरवलं होतं की काहीतरी कायमचं बसवल्याशिवाय या गाडीतून परतीचा घाट उतरायचा नाही.

कुंभारी

नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सत्तरीच्या आहेत, मुलगा पुण्याला असतो, त्या कुंभारीत दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात एकट्या राहतात. भावाला आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच बघत होत्या. दारातच त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानडीत बराच वेळ काहीतरी बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तू लई वाळलीस गं."

हे मला इतक्या महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं. सगळे त्यांची प्रकृती विचारतात. मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली वाकले आणि थोडा वेळ तशीच राहिले.

जेवायला कडक भाकरी होती, पापडासारखी मोडणारी, आणि शेंगांची चटणी. वर दही. आमच्याकडे जिथे खोबरं पडतं तिथे इथे शेंगा पडतात, आमटीत, भाजीत, पोळीतसुद्धा. दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि अक्का तिसरी भाकरी ठेवतात. भाताचा उल्लेख मी केला नाही. पाणी रोज येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात पिंपं भरलेली. आमच्या अंगणात सांडून वाहणारं पाणी मला त्या पिंपांपुढे उगाचच आठवत राहिलं. तोंड धुताना मी हात आखडता घेतला.

ट्रकची हकिकत शिवानंदांनीच सांगितली, मला वाटलं होतं लपवतील. अक्कांनी ऐकून घेतलं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"गाडीत पडदा बसवून घेते," मी म्हणाले. "रस्ता दाखवणारा. उद्याच."

शिवानंदांनी पुढची भाकरी घेतली नाही.

होटगी रोड

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होटगी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बाहेर ऊन होतं, आत थंडगार अंधार. भिंतभर पडदे लावलेले आणि सगळे सुरू. कुठे समुद्र, कुठे धबधबा, कुठे पोपट. रंग इतके चढवलेले की शाळेत मुलांनी पेटीतले सगळे रंग एकाच चित्रात वापरले तर दिसतं तसं.

विकणारा तरुण नम्र होता. त्याने मला पटापट सगळं सांगितलं. सात इंची, नऊ इंची, दहा इंची. मागे कॅमेरा. गाण्यांसाठी वेगळे स्पीकर. "मॅडम, दहा इंची घ्या. गाडीचा लूकच बदलतो. थांबलात की पिक्चर बघा."

"उन्हात दिसतो का?" मी विचारलं.

"एकदम क्लिअर, मॅडम."

"बाहेर नेऊन दाखवता?"

तो हसला. भिंतीवरून काढता येत नाही म्हणाला. मी त्याला नकाशा लावायला सांगितलं. निळी रेघ आली, बाण आला आणि पडद्यातून एक बाई गोड आवाजात हिंदीत बोलायला लागली. शिवानंद मागे उभे होते. त्यांना बरं वाटावं म्हणून असेल, तो तरुण त्यांच्याकडे वळून म्हणाला, "सर, आता तुम्ही निवांत झोपायचं. सगळं हाच सांगतो."

शिवानंद दार ढकलून बाहेर गेले.

मी दोन मिनिटांत बाहेर गेले तर ते कुठेच दिसेनात. रस्ता चुकले तर इकडे की तिकडे, हेही त्यांना कुणाला नीट विचारता येणार नव्हतं. रस्त्याच्या कडेने दोन्हीकडे बघत चालले. पुढे एक रसवंती होती, तिथे बाकावर बसलेले दिसले. समोर रसाचे दोन ग्लास, दोन्ही भरलेले.

"तुझा सांगून ठेवलाय," ते म्हणाले.

मी बसले. ऊन पायांवर येत होतं, पण सरकून बसायचाही कंटाळा आला होता.

"तो पडदा घे," ते म्हणाले. "मी मागं बसतो. पुढं माझं काय काम?"

"असं बोलू नका."

"तुझा माझ्यावर विश्वास न्हाई राहिला, एवढंच हाय की."

मी हे कधी बोलणार नव्हते. पण ट्रक, ऊन, ते पोपट, सगळं एकदम आलं.

"नाही राहिला," मी म्हणाले. "तुम्ही म्हणता उजव्या डब्यातली गोळी दे. मी दोन्ही डबे उघडून बघते. तुम्ही म्हणता डाव्या खिशात किल्ली आहे. मी दोन्ही खिसे बघते. बाजारात, दवाखान्यात, घरात, दिवसभर मी तुमचा प्रत्येक शब्द उलटा करून तपासते. तुमची चूक नाही हे मला कळतं. पण मी दमले हो. मला एक तरी वस्तू अशी पाहिजे की ती बोलली की मी नुसतं वळायचं. तपासायचं नाही."

रसवंतीचा मालक चरकाशी उभा होता. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

शिवानंदांनी ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"दोन्ही डबे उघडतेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी आपला ग्लास संपवला, माझा पुढे सरकवला. त्या दिवशी आम्ही काहीही न घेता परत आलो.

होटगीकडचं रान

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी हुरडा खायला नेलं. त्यांच्या वाट्याची थोडी जमीन होटगीच्या बाजूला आहे, ती एकजण करतो. मी गाडी चालवत होते, शिवानंद शेजारी, अक्का मागे. बहीण-भाऊ कानडीत बोलत होते. मला इतक्या वर्षांत जेवणाखाण्यापुरतं कानडी कळतं, बाकी नुसतं ऐकत असते.

फाट्यावर आलो तसे शिवानंद बोलता बोलताच मला म्हणाले, "एडक्क."

तो शब्द कानावरून गेलेला होता; डावीकडची वाट दिसली, मी वळले. पुढे विहिरीपाशी ते म्हणाले, "बलक्क." उजवीकडे वळले. बांधापाशी गाडी थांबवली आणि मग माझ्या लक्षात आलं.

"अहो, काय म्हणालात आत्ता?"

"कधी?"

"त्या फाट्यावर."

मागून अक्का म्हणाल्या, "एडक्क म्हनला की. डावीकडं. बरोबर सांगितलं त्यानं."

आम्ही तिथेच गाडीत बसून तपासून पाहिलं. मी डावीकडचा बांध दाखवला, त्यांनी कानडीत बरोबर सांगितलं. उजवीकडची विहीर, बरोबर. मग मराठीत विचारलं, चुकले. पुन्हा कानडीत, बरोबर. दहा वेळा केलं. शिवानंदांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"लहानपणीचा शब्द हाय तो," अक्का म्हणाल्या. "खोल गेलेला असतोय. मराठी साळंत गेल्यावर आली त्याला."

हुरडा गरम होता, हिरवट, दुधाळ. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणसं भाजून जमीन कसणारा तो माणूस हातावर चोळून देत होता. सोबत शेंगाचटणी, गूळ. आमच्याकडे पाहुण्याला पाटावर बसवतात, इथे आरापाशी जमिनीवर बसवतात आणि हात काळे होईपर्यंत उठू देत नाहीत. शिवानंद त्या दिवशी खूप बोलले. मी दोन शब्द घोकत होते. बलक्क म्हणजे बळाचा हात, उजवा. एडक्क म्हणजे उरलेला. पडद्याची गरज नाही, असं मला त्या रानात बसून खरंच वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. "आता सोलापुरातून फिरवून आणतो तुला," ते म्हणाले.

सात रस्ता

अक्कांना घरी सोडून दुपारी आम्ही शहरात निघालो. शिवानंद ताठ बसले होते. पहिला चौक, एडक्क. बरोबर. दुसरा, सरळ. तिसरा, बलक्क. बरोबर. मी न तपासता वळत होते. खांदे जरा सैल झाले.

मग सात रस्ता आला. नावाप्रमाणेच तिथे सात बाजूंनी रस्ते येतात. ज्याने हा चौक पाहिलेला नाही त्याने एवढंच समजावं की इथे डावीकडे म्हटलं तरी दोन-तीन डाव्या बाजू असतात. बस, रिक्षा, दुचाकी, सगळे एकाच वेळी. मागून हॉर्न सुरू झाले.

"एडक्क," ते म्हणाले. मग लगेच, "न्हाई. बलक्क. थांब. एडक्क, दुसरा." मग मराठीत, "उजवा... डावा..." मग त्यांचा आवाज थांबला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

मी गाडी कडेला घेतली. एक रिक्षावाला काहीतरी ओरडून गेला. मी इंजिन बंद केलं.

"घाईत तेही जातंय," शिवानंद म्हणाले.

"हळूहळू येईल."

"येईल किंवा न्हाई येणार." मग म्हणाले, "आपण तो पडदा घेऊ. काल मी रागानं घे म्हणालो होतो. आज तसं न्हाई. मला पण नको झालंय हे. प्रत्येक चौक यायच्या आधी मी शब्द शोधत बसतो. तू वळतेस आणि मी बघत बसतो, बरोबर बोललो का."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटत होतं की तपासायचं काम फक्त माझ्याकडे आहे.

"पण त्या थंड दुकानातून न्हाई," ते म्हणाले.

विजापूर वेस

अक्कांच्या शेजाऱ्यांनी विजापूर वेशीजवळच्या एका वायरिंगवाल्याचं नाव सांगितलं होतं. इस्माईलभाई. विचारत विचारत पोचलो. गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान, छतापर्यंत वायरी लटकलेल्या, आणि साठीचे इस्माईलभाई चष्मा कपाळावर चढवून एका हॉर्नशी खटपट करत बसलेले. त्यांनी आधी काहीच दाखवलं नाही. आधी प्रश्न विचारले.

"मॅडम, पैले ये बोलो. गाडी कौन चलाता?"

"मी."

"और रस्ता कौन देखता?"

मी घुटमळले. शिवानंद म्हणाले, "मी. पण माझा शब्द चुकतो. झटका येऊन गेला." घराबाहेर, अनोळखी माणसाला, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

इस्माईलभाईंनी मान हलवली, जणू कुणी गाडीचा फ्यूज गेला म्हणून सांगावं. मग आतून तीन पडदे आणले, एक लांब वायर बॅटरीला जोडली आणि प्रत्येक पडदा दुकानाच्या पायरीवर, भर उन्हात नेऊन धरला. दहा इंचीत मला माझाच दमलेला चेहरा दिसला.

"देखे? बडा नक्को. काच चमकता उसका, दोपहर में अपनाच मूं दिखता." सात इंचीची अक्षरं मला वाचता येईनात. नऊ इंचीची काच जरा मळकट वाटली, पण उन्हात रेघ दिसली. निळी, जाड, रस्त्यावर खडूने ओढल्यासारखी.

मग शिवानंद पुढे झाले आणि पुढचा अर्धा तास मी नुसती स्टुलावर बसून होते. घाटात नेटवर्क गेलं तर नकाशा राहतो का? आधीच उतरवून ठेवला तर राहतो. जागा कळणारा तो छोटा अँटेना कुठे बसवणार? काचेखाली, उघडा, फळीच्या मागे दाबला तर गाडी शेतात दाखवतो. कंपनीच्या वायरी कापणार का? नाही, जोडणी घालणार, पुढे काढायचा झाला तर मूळ रेडिओ बसला पाहिजे. शिवानंदांच्या आवाजात कचेरीतली धार आली होती.

"आणि उत्तर वर पाहिजे," ते म्हणाले.

इस्माईलभाईंना कळलं नाही. शिवानंदांनी समजावलं, नकाशा म्हणजे उत्तर दिशा वरच्या बाजूला. इस्माईलभाईंनी तसं करून दाखवलं. मी म्हणाले, "मला नाही समजत असं. गाडी दक्षिणेला चालली की सगळं उलटं दिसतं." दुसऱ्या पद्धतीत गाडीचं तोंड नेहमी वर राहतं आणि नकाशा खालून फिरतो. शिवानंदांना ते बघवेना. नकाशा फिरवतात का कधी, असं पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चालवणार तू. तुझं तोंड वर राहू दे."

आवाजाचं शेवटी आलं. मला वाटलं ते बंद ठेवायला सांगतील. इस्माईलभाई म्हणाले, "आँख रस्ते पे रहना, कान इधर. आवाज होनाच." शिवानंद म्हणाले, "मराठीत लावा." पडदा बोलला, "डावीकडे वळा." त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "डावीकडे," आणि डावा हात किंचित उचलला. पडदा पुन्हा बोलला, त्यांनी पुन्हा म्हटलं. इस्माईलभाई एकदा माझ्याकडे बघून पुन्हा पेचकसाकडे वळले, आणि गरज नसताना त्यांनी तो आवाज आणखी चार वेळा लावला.

बसवायला चार तास गेले. फळी निघाली, आत इतकी वर्षं साठलेली धूळ आणि माझी एक हरवलेली पेन्सिल निघाली. सगळं बसल्यावर हॉर्न वाजेना. पुन्हा फळी निघाली, एक फ्यूज बदलला. तोवर तीन चहा झाले. माझी कंबर त्या स्टुलावर आखडून गेली होती. निघताना इस्माईलभाई शिवानंदांना म्हणाले, "साब, महिना भर इसके साथ बोलते जाओ." एवढंच. उपदेश नाही, कळवळा नाही.

परत

चौथ्या दिवशी पहाट सरल्यावर निघालो. अक्कांनी शेंगापोळ्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला आणि भावाच्या कानात कानडीत काहीतरी सांगितलं. शिवानंद मला म्हणाले, "तुला जप म्हणते."

पडदा काही जादूचा नव्हता. कुंभारीतून बाहेर पडताना त्याने आम्हाला एका गोठ्यापाशी नेलं. ऊन डोक्यावर आल्यावर तो तापला आणि नकाशा अडकत अडकत सरकू लागला. पण मंगळवेढ्यापर्यंतचा प्रत्येक फाटा त्याने बरोबर सांगितला. दर फाट्याला शिवानंद त्याच्यामागून शब्द म्हणत होते. कधी चुकले की स्वतःशीच हसत आणि पुन्हा म्हणत. मी तपासत नव्हते. मी नुसती वळत होते. पहिल्या दोन तासांत मला त्याची सवयच होईना. हात आपोआप आखडायचे.

सांगोला मागे पडलं आणि शेजारून शब्द येईनासे झाले. पडदा म्हणाला, "उजवीकडे वळा," त्यामागून काहीच नाही. मला वाटलं काही होतंय की काय. वळण घेऊन पाहिलं.

शिवानंद झोपले होते. मान पट्ट्यावर कललेली, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्वतः चालवायचे तेव्हा प्रश्नच नव्हता, आणि श्रावणानंतर ते शेजारी बसू लागले तेव्हापासून तर डोळे ताणून समोर बघत असायचे, प्रत्येक फाट्याच्या आधी शब्द तोंडात जुळवत. मी माझ्याच दमण्याचा हिशोब करत राहिले होते. हा माणूस सहा महिने जागा होता.

मी हात पुढे करून पडद्याचा आवाज कमी केला, मग अजून कमी, मग बंदच केला. निळी रेघ तेवढी राहिली. कराडला जेवायला थांबायचं आमचं ठरलं होतं आणि मला भूक लागली होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कराड आलं. हॉटेलं दोन्ही बाजूंना होती. मी वेग थोडा कमी केला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि गाडी न थांबवता घाटाच्या रस्त्याला लागले.